अल्प खर्चात स्वतःचे संकेतस्थळ
(तालुका शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत बोलण्यासाठी मी 'स्वतःचे संकेतस्थळ' हा विषय मुद्दाम निवडला आहे. हजेरीपट, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, टाचणे, वेळोवेळी भरावयाची ऑनलाइन माहिती, एवढ्यातूनच वेळ पुरत नाही. त्यात हे नवे लचांड कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात येईल. ते स्वाभाविक आहे. म्हणून प्रारंभीच सांगतो की, मी कोणताही आदेश घेऊन आलेलो नाही. संकेतस्थळ असलेच पाहिजे असे बंधन कोणावर नाही आणि माझ्या भेटीच्या शेरेबुकात त्यासाठी रकानाही नाही. परंतु आपणांपैकी अनेकांजवळ वर्षानुवर्षे तयार केलेले साहित्य आहे. ते इतरांच्या उपयोगी पडावे अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी भलत्या जागी पैसे घालू नयेत आणि केलेले काम गमावू नये, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. मी स्वतः वर्गावर शिकवीत होतो त्या काळात खानदेशातील एका शाळेत माझे एक सहकारी होते. ते मूळचे दुसऱ्या जिल्ह्यातले; अहिराणी त्यांच्या कानांवरून कधी गेलेली नव्हती. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत पहिलीतल्या एका मुलाने त्यांना काहीतरी विचारले आणि त्या प्रश्नात 'कथा' हा शब्द आला. गुरुजींना वाटले, मुलाला गोष्ट ऐकावयाची आहे. त्यांनी मोठ्या हौसेने कपाटातून गोष्टीचे पुस्तक काढले. अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कुठे', हे त्यांना वर्गातील हशा ऐकल्यानंतर कळले. दुसरा एखादा असता तर त्या पोरावर रागावला असता. या गृहस्थांनी त्याच दिवशी एक वही घातली. डाव्या बाजूस मुलाच्या घरचा शब्द, उजव्या बाजूस पुस्तकातला शब्द. 'आंडोर' म्हणजे मुलगा, 'आंडेर' म्हणजे मुलगी, अशी सुरुवात झाली आणि सहा वर्षांत वहीतील शब्द हजारावर गेले. पहिलीचा वर्ग घेणाऱ्या नव्या शिक्षकास ती वही म्हणजे मोठाच आधार होता.

पुढे वही जीर्ण झाली, तेव्हा त्यांनी ते सारे शब्द एका फुकट मिळणाऱ्या सेवेत संकेतस्थळ काढून त्यावर चढविले. शेजारच्या तालुक्यांतील शिक्षकही त्याचा उपयोग करू लागले. सर्व काही वर गेले म्हणून मूळ वहीकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. ती एका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली. नंतर गुरुजींची बदली झाली, आणि काही काळाने ती सेवा चालविणाऱ्यांनी सेवाच बंद केली. बंद करण्यापूर्वी त्यांनी सूचना पाठविली होती. परंतु ती गेली जुन्या शाळेच्या ईमेलवर. बदलीनंतर तो ईमेल कोणी उघडीत नव्हते. एके दिवशी गुरुजींनी आपले पान उघडावयास घेतले तो तेथे काहीच नव्हते.

या व्यवहारात त्यांचा एक पैसाही गेला नाही. गेली ती सहा वर्षांची मेहनत. म्हणून संकेतस्थळ स्वस्त कसे पडेल याचा विचार करताना केवळ रुपयांकडे पाहून भागत नाही. दहा वर्षांनी हातात काय उरेल हेही पाहावे लागते.

संकेतस्थळ म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करीत असताना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली या योजनेचा पहिला आराखडा मांडला आणि १९९१ साली जगातील पहिले संकेतस्थळ लोकांस खुले झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणासही मोबदल्याशिवाय वापरण्यास मोकळे केले. म्हणजे संकेतस्थळ काढण्याचा हक्क विकत घ्यावा लागत नाही. तो आपणां सर्वांचा आहेच. पैसे पडतात ते दुसऱ्या गोष्टींचे.

त्या गोष्टी तीन. पहिली नाव, दुसरी जागा आणि तिसरी मजकूर. नाव म्हणजे लोकांनी शोधावयाचा पत्ता. जागा म्हणजे ज्या दूरच्या संगणकावर आपल्या फाइली रात्रंदिवस उघड्या असतात तो संगणक. मजकूर म्हणजे आपण लिहिलेले पाठ, काढलेली चित्रे, तयार केलेल्या प्रश्नपत्रिका. या तिन्ही वस्तू परस्परांपासून वेगळ्या आहेत. विक्रेता या तिन्ही एका गाठोड्यात बांधून एकच आकडा सांगतो आणि आपणांस वाटते की, संकेतस्थळ ही एकच वस्तू आहे. हे गाठोडे सोडून पाहिले की, कोठे पैसे घालावे आणि कोठे घालू नये हे आपोआप दिसू लागते.

माझे सांगणे एका वाक्यात असे आहे: नाव आपल्या मालकीचे असावे, मजकुराची प्रत आपल्या घरी असावी, मग जागा फुकटची असली तरी चालेल.

आता उपलब्ध असलेल्या वाटा पाहू. त्याही मुख्यतः तीनच आहेत.

पहिली वाट संपूर्ण फुकटाची. गुगल साइट्स, ब्लॉगर, वर्डप्रेस डॉट कॉम यांसारख्या सेवा जागाही देतात आणि आपल्या नावाखाली एक लांबलचक पत्ताही देतात. एक रुपया न खर्चता, मोबाइलवरूनसुद्धा, एका रविवारात पाने तयार होतात. शिकण्यासाठी ही वाट उत्तम आहे. तिचे उणे इतकेच की, पत्ता त्यांचा असतो. उद्या ती सेवा बंद झाली किंवा आपण जागा बदलली तर पत्ता मागे राहतो. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेत आपल्या पानांवर त्यांच्या जाहिरातीही दिसतात. लहान मुलांनी उघडावयाच्या पानावर त्या शोभत नाहीत.

दुसरी वाट म्हणजे नाव स्वतःचे विकत घ्यावयाचे आणि जागा मात्र फुकटचीच वापरावयाची. गुगल साइट्स आणि ब्लॉगर या दोन्हींवर आपले विकतचे नाव जोडता येते व त्याबद्दल ते वेगळे पैसे घेत नाहीत. गिटहब पेजेस नावाची आणखी एक सेवा आहे. ज्यांना एचटीएमएल ही पाने लिहिण्याची सोपी खूणपद्धती शिकण्याचा उत्साह आहे, त्यांना ती फार उपयोगी पडेल. मथळ्याची खूण, परिच्छेदाची खूण, चित्राची खूण व दुव्याची खूण, अशा आठ-दहा खुणांत साधे पान उभे राहते. तेथे एका संकेतस्थळास एक गिगाबाइटपर्यंत जागा मिळते. या पद्धतीचा मोठा लाभ असा की, आपल्या पानांचा संपूर्ण संच एका फोल्डरमध्ये आपल्याच संगणकावर राहतो. उद्या दुसरी जागा घेतली तर तोच फोल्डर तेथे ठेवावयाचा. मात्र फुकट योजनेत मूळ फाइलीही सर्वांस दिसतात, हे लक्षात ठेवून खाजगी असे काही त्यांत ठेवू नये.

तिसरी वाट म्हणजे नावही विकत व जागाही भाड्याची. अशा जागेवर बहुधा वर्डप्रेस ही फुकट मिळणारी प्रणाली बसवितात. २००३ सालापासून चालत आलेली ही प्रणाली उत्तम आहे, पण ती जित्राबासारखी आहे. तिला रोज पाहावे लागते. तिच्या नव्या आवृत्त्या वेळेवर बसविल्या नाहीत तर चोरटे आत शिरतात आणि आपल्या पाढ्यांच्या पानावर भलत्याच जाहिराती दिसू लागतात. ज्यास हे काम येते व आवडते त्याने ही वाट जरूर धरावी. इतरांनी धरू नये.

आता हिशेब मांडू. डॉट इन या शेवटाचे नाव वर्षाला साधारणतः हजार रुपयांच्या आगेमागे पडते. पहिल्या वर्षी पुष्कळ विक्रेते ते फार कमी दरात देतात. त्यावर भुलू नये. आपणांस पुढची नऊ वर्षे भरावयाचा आहे तो नूतनीकरणाचा दर. तो आधी विचारावा, आणि त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर धरला आहे की नाही हेही पाहावे. वर्षाला हजार रुपये धरले तर दहा वर्षांचे दहा हजार झाले. म्हणजे महिन्याला सुमारे त्र्याऐंशी रुपये. दुसऱ्या वाटेचा सारा खर्च एवढाच. तिसऱ्या वाटेवर जागेचे भाडे वर्षाला तीन हजार धरले तर नाव मिळून वर्षाचे चार हजार, दहा वर्षांचे चाळीस हजार. येथेही पहिल्या मुदतीचा दर स्वस्त आणि नंतरचा दुप्पट-तिप्पट असा प्रकार सर्रास असतो. आकडे विक्रेत्यागणिक बदलतील. पण हिशेब दहा वर्षांचाच मांडावा.

आणखी एक गोष्ट. पत्त्याच्या आरंभी सुरक्षिततेची खूण दिसावी म्हणून एक प्रमाणपत्र लागते. काही विक्रेते त्याचे वेगळे पैसे मागतात. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा तत्त्वावरील व्यवस्था २०१६ सालापासून असे प्रमाणपत्र सर्वांना फुकट देत आली आहे, आणि वर सांगितलेल्या फुकट जागा ते आपोआप लावून देतात. साध्या संकेतस्थळास त्यासाठी पैसे देण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल की, जागा फुकटची चालते तर नाव तरी विकत कशाला? याचे उत्तर दोन घटनांत आहे. टोकेलाऊ हा न्यूझीलंडच्या अखत्यारीतील लहानसा बेटसमूह. त्याच्या वाट्याला आलेल्या 'डॉट टीके' या शेवटाची नावे फ्रीनॉम नावाची कंपनी अनेक वर्षे जगभर फुकट वाटत असे. २०२३ साली तिने नव्या नावांची नोंद थांबविली व २०२४ साली या धंद्यातूनच अंग काढून घेतले. जेथे किंमत दिलेली नाही, तेथे तक्रारीसही जागा नाही. आता दुसरी घटना पाहा. गुगलने नावे विकण्याचा आपला व्यवसाय २०२३ साली स्क्वेअरस्पेस या कंपनीस विकला. दुकान दुसऱ्याच्या हाती गेले. परंतु ज्यांनी नावे पैसे देऊन घेतली होती, त्यांची नावे त्यांच्याकडेच राहिली. विकतच्या नावाचा अर्थ हा.

शिवाय आपल्या व्यवसायात याला एक विशेष कारण आहे. आज आपण क्यूआर खुणा छापतो. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघालेली ही चौकोनी खूण आपल्या पाठ्यपुस्तकांत येऊन पोहोचली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तिचा पाठ्यपुस्तकांसाठी जो उपयोग केला, तो २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर साऱ्या जगास कळला. आता विचार करा. खूण एकदा कागदावर छापली की बदलता येत नाही. तिच्यात जो पत्ता भरला आहे तो मेला तर ती खूणही मेली. पत्ता आपल्या स्वतःच्या नावाचा असेल तर मागची जागा दहा वेळा बदलली तरी छापलेली खूण चालत राहते.

नाव घेताना काही पथ्ये पाळावीत. नाव लहान असावे, दूरध्वनीवर एकदा सांगितले की ऐकणाऱ्यास लिहिता यावे. त्यात रेघा व आकडे नसावेत. आपले स्थळ सरकारी आहे असा भास होईल असे नाव घेऊ नये. 'जिल्हा परिषद', 'शिक्षण विभाग' हे शब्द त्यात नसावेत. 'डॉट इन' हा भारताचा शेवट २००५ सालापासून सर्वसामान्यांस सुलभतेने मिळू लागला. २०१४ सालापासून देवनागरीतील 'डॉट भारत' हा शेवटही मिळतो. मराठी माणसास त्याचा आनंद वाटणे साहजिक आहे. पण ज्यांच्या मोबाइलवर मराठी कळफलक नाही त्यांस तो टंकता येत नाही. म्हणून परवडत असेल तर तो दुसरे नाव म्हणून घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य म्हणजे नावाची नोंद आपल्याच नावावर, आपल्याच खाजगी ईमेलवर व आपल्याच मोबाइल क्रमांकावर असावी. बाजाराच्या गावी संगणकाचे दुकान चालविणारा एखादा ओळखीचा मुलगा 'गुरुजी, मी करून देतो' म्हणतो आणि सोय म्हणून स्वतःच्या खात्यावर नाव घेतो. त्याच्या मनात कपट नसते. पण तो पुण्याला नोकरीस गेला की नावही त्याच्याबरोबर जाते. घर बांधताना गवंडी कोणीही असो, उतारा आपल्या नावावर आहे ना, हे आपण पाहतोच. येथेही तेच करावे. शेतसारा जसा दरसाल भरावा लागतो तसे हे नावही दरसाल नवे करावे लागते. मुदत चुकली तर काही दिवसांची सवलत असते, मग मोठा दंड पडतो, आणि शेवटी नाव मोकळे होऊन कोणीही घेऊ शकतो. ती तारीख घरातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावी. जमल्यास दोन-तीन वर्षांचे पैसे एकदमच भरावेत.

आता जागेविषयी. फुकटच्या जागेवर राहण्यास हरकत नाही. परंतु ती कायमची आहे असे समजून राहू नये. जिओसिटीज नावाची सेवा १९९४ साली निघाली. लक्षावधी सामान्य माणसांनी आपली पहिली पाने तेथे मांडली. १९९९ साली याहू कंपनीने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील ती सेवा बंद केली. काही जाणत्या लोकांनी धावपळ करून पुष्कळ पाने वाचविली; ज्यांची वाचली नाहीत त्यांची गेली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे घडते, तर आपण सावध असलेच पाहिजे.

सावध असणे म्हणजे प्रत ठेवणे. मजकूर आधी आपल्या संगणकावर किंवा मोबाइलवर साध्या फाइलीत लिहावा आणि मग तो वर चढवावा. थेट संकेतस्थळावर लिहीत बसू नये. दर सत्राच्या अखेरीस सर्व फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर व दुसरी अन्य कोठे ठेवावी. जे फारच मोलाचे आहे ते छापून एका फाइलीत लावावे. कागदाला वीज लागत नाही. इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ साली स्थापन झालेली संस्था जगभरातील पानांच्या प्रती जतन करते. आपल्या पानाचा पत्ता तेथे देऊन त्याची प्रत ठेवून घेता येते, व त्यास पैसे पडत नाहीत. माझ्या त्या सहकाऱ्यांना हे एक काम त्या वेळी कोणी सांगितले असते, तर आज मी ही हकीकत वेगळी सांगितली असती.

मजकुराबद्दल दोन गोष्टी. पहिली अक्षरांची. आपणांपैकी पुष्कळांनी जुन्या काळात श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकून ठेवलेले आहे. ते आपल्या संगणकावर मराठी दिसते. पण दुसऱ्याच्या मोबाइलवर ती निरर्थक चिन्हे होतात आणि शोधयंत्रासही ती मराठी म्हणून ओळखता येत नाहीत. सर्व मजकूर युनिकोडमध्येच असावा. पानाचा फोटो काढून टाकणे हा त्यावर उपाय नव्हे; फोटोतील शब्द एखाद्या शिक्षकास शोधून सापडतीलच असे नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट जागा घेते. एका पानावर दीड हजार चिन्हे धरली तर ते पान साडेचार किलोबाइटचे झाले. मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज तीन मेगाबाइटचा असतो. म्हणजे त्या एका फोटोच्या जागेत साडेसहाशे पाने मजकूर मावतो! आपल्या वस्तीवर, जेथे मोबाइलची एकच दांडी दिसते आणि पालकाने दिवसाचा डेटा मोजून वापरावयाचा असतो, तेथे हे गणित महत्त्वाचे आहे. फोटो शंभर-दीडशे किलोबाइटपर्यंत लहान करूनच चढवावा. हलत्या पट्ट्या, उघडताच वाजणारे संगीत, भोवती फिरणारी फुले यांचा मोह टाळावा. फळ्यावरचे सुवाच्य अक्षर हा आपला आदर्श असावा.

काही जबाबदाऱ्याही सांगितल्या पाहिजेत. विद्यार्थ्यांचे चेहरे, पूर्ण नावे, जन्मतारखा, गुणपत्रके ही आपल्या खाजगी संकेतस्थळावर घालू नयेत. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून त्यांच्या माहितीसंबंधी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, ज्या मुलास अद्याप 'नको' म्हणण्याची समज नाही त्याचे चित्र जगापुढे मांडताना शिक्षकाने दहा वेळा विचार करावा. मुलांचे हात, त्यांनी केलेली वस्तू, त्यांनी काढलेले चित्र एवढे दाखविले तरी काम दिसते. पाठ्यपुस्तकांची पाने अथवा कोणा लेखकाच्या कविता जशाच्या तशा उतरवू नयेत. लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षेपर्यंत राहतो. आपण स्वतः केलेले तेवढेच मांडावे. तसेच जिल्हा परिषद सेवकांच्या वर्तणुकीचे १९६७ चे नियम आपणांस लागू आहेत, याचे भान ठेवावे. जाहिरातींतून मिळकत करण्याच्या फंदात पूर्वपरवानगीशिवाय पडू नये.

मग प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी? प्रथम पैसे खर्चूच नयेत. एक वही घ्यावी आणि तीत पाच पाने लिहावीत. पहिल्यावर आपण कोण व कोणत्या इयत्तांस शिकवितो. उरलेल्या चारांवर आपण स्वतः तयार केलेल्या आणि वर्गात वापरून पाहिलेल्या चार गोष्टी. बियांवर आधारलेले गणिताचे खेळ असतील, गावातील झाडांची यादी असेल, बहुवर्ग अध्यापनाचे वेळापत्रक असेल. ही पाच पाने ज्याची लिहून होणार नाहीत, त्यास संकेतस्थळाची आज गरज नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. ज्याची होतील त्याने फुकटच्या जागेवर ती मांडून महिनाभर दोन-चार सहकाऱ्यांस दाखवावीत. कोणाच्या उपयोगी पडली असे दिसले म्हणजे मगच नाव विकत घेऊन त्या जागेस जोडावे. याप्रमाणे चालल्यास जे टिकणार नाही त्यावर रुपया जात नाही, आणि जे टिकण्यासारखे आहे ते हातचे जात नाही.

खात्याचा परवलीचा शब्द एका कागदावर लिहून, पाकिटात घालून घरातील महत्त्वाच्या कागदांत ठेवावा व घरच्या एका माणसास सांगून ठेवावे. आपण सेवानिवृत्त होऊ, आजारी पडू, किंवा एके दिवशी नसूही. घराच्या किल्लीची व्यवस्था आपण लावतो, तशी याचीही लावावी.

शेवटी त्या सहकाऱ्यांविषयी. ते आज सेवानिवृत्त झाले आहेत. मध्यंतरी त्यांची भेट झाली तेव्हा त्यांनी नवी वही दाखविली. आठवेल तसे शब्द पुन्हा लिहिणे चालू आहे. त्यांचे पूर्वीचे विद्यार्थी, जे आता स्वतः पालक झाले आहेत, ते दूरध्वनीवरून त्यांना शब्द सांगतात. चारशेपर्यंत मजल गेली आहे. उरलेले सारे परत येतील अशी त्यांची अपेक्षा नाही. मी त्यांना या वेळी नाव विकत घेण्यास सुचविले. ते म्हणाले, "नाव तुम्ही घेऊन द्या, पण वही मात्र आता माझ्या उशाशीच राहील." मी म्हणालो, दोन्ही करू.

बंधु-भगिनींनो, आपल्या खेड्यापाड्यांतील वर्गांत रोज जे शोध लागतात ते कोणत्याही ग्रंथात नोंदलेले नाहीत. बदली झाली की ते त्या वर्गातच राहतात, आणि त्यांच्या जागी येणारा नवा शिक्षक पुन्हा पहिल्यापासून चाचपडत बसतो. हजार रुपयांचे एक नाव, फुकटची एक जागा आणि घरात जपलेली एक प्रत, एवढ्या सामग्रीवर हे थांबविता येईल. ज्यांना जमेल त्यांनी दिवाळीच्या सुटीत ती पाच पाने लिहावीत. पुढील परिषदेस येताना वह्या बरोबर आणाव्यात. आपण त्या एकत्र बसून वाचू.